शर्वरीच्या पोटातला काळोख

शालनबाईंच्या आईचा जगात एकच फोटो होता आणि उंदरांनी त्यालाही सोडलं नव्हतं. भुवयांच्या वरचा भाग पार कुरतडलेला. हर्षदानं तो मोबाइलवरच्या 'सांधक' या ॲपपुढे नुसता धरला आणि चहाला उकळी यायच्या आत आजीचं अख्खं कपाळ तयार झालं. सांधक आता घरोघरी पोचला होता. फाटके फोटो, तुटक आवाज, अर्धवट व्हिडिओ, काहीही द्या, तो जोडून द्यायचा. वाईतले लोक त्याला मोबाइलमधला रफूवाला म्हणत.

आजीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"आई, आजी तर तू पोटात असतानाच विधवा झाली ना? आणि हा फोटो त्यानंतरचा."

"हो गं." शालनबाईंनी चष्मा लावला. "तिच्या कपाळाला कधी कुंकवाचं बोट लागलेलं मी पाहिलं नाही. पण बघ ना, किती छान दिसतेय!"

हर्षदाला ते छान वाटेना. ती मुळातच संशयी. दूधवाल्याचं मापसुद्धा ती डोळ्यांत तेल घालून बघायची. या यंत्राला कुंकू लावायला कुणी सांगितलं? कुणीच नाही. जुन्या काळच्या बायकांचे हजारो फोटो दाखवून त्याला शिकवलेलं. त्या काळी नटूनथटून फोटो काढायला जायच्या त्या बहुतेक सवाष्णीच. तेव्हा नऊवारीतली बाई दिसली की कपाळावर कुंकू, हे त्यानं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

आणि मग ती चहा तसाच टाकून कामावर निघाली. कारण तासाभराच्या अंतरावर, पठारावरच्या वेधशाळेत, शर्वरीचं चित्र जोडलं होतं तेही सांधकानंच.

शर्वरी हे वेधशाळेनं ठेवलेलं लाडकं नाव. शेजारच्या एका दीर्घिकेच्या मध्यभागी कोट्यवधी सूर्यांचं वस्तुमान एवढ्याशा जागेत कोंबलेलं आहे, त्यालाच तिथले लोक शर्वरी म्हणत. तिच्याभोवती तापलेला वायू गरगरत असतो आणि प्रकाशही सरळ न जाता वळसे घेतो. पाच देशांतल्या पाच दुर्बिणींनी मिळून तिचा वेध घेतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रकारांपुढे चित्र ठेवायचं होतं: तेजाचं कडं आणि मधोमध काळीकुट्ट सावली. म्हणजे आत घटनाक्षितिज आहे, ती वेस ओलांडलेला प्रकाश परत येत नाही, शर्वरी हे कृष्णविवर आहे आणि विषय संपला. खाली सही हर्षदा कुदळेची.

एकदा चित्र प्रसिद्ध झालं की दुर्बिणींच्या कच्च्या नोंदी पुसायच्या आणि डिस्का पुढच्या वेधासाठी मोकळ्या करायच्या, असा नियम होता. चित्र चुकलेलं असलं तर ते चुकलं होतं, हे मग कुणाला कधीच कळलं नसतं.

कॅन्टीनमध्ये निसार आत्तार मिसळ खात बसला होता. वेधशाळेतला सांधक त्याच्या हातचा.

"निसार, सांधकाला शिकवताना मधोमध उजेड असलेली चित्रं दाखवली होतीस?"

चमचा थांबला. "का विचारतेस?"

उलटा प्रश्न म्हणजे अर्धी कबुली, असं हर्षदाला वाटलं. "दाखवली होतीस की नाही?"

"हे बघ, दुर्बिणी पाचच. त्यांच्यामधलं सगळं रिकामं. आपलं चित्र जन्मतःच फाटकं असतं, ते भरायला यंत्राला आधी नमुने दाखवावे लागतात. कुठले दाखवायचे ते सरांनी ठरवलं, त्यांना विचार." तो पुन्हा मिसळीकडे वळला. "आणि माझ्याकडं अशी बघू नकोस. मी काय काजळाची डबी घेऊन बसलो होतो व्हय?"

वेधशाळेत एक जुनी रीत होती. नोंदींच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे, त्यानं वर्षातून एकदा गुपचूप खोटा संदेश नोंदींत मिसळायचा. याला 'पेरा' म्हणत. बाकीच्यांनी तो ओळखायचा आणि फसलेल्यांनी सगळ्यांना भजी खिलवायची. यंदा किल्ली हर्षदाकडे होती. तिनं शर्वरीच्या नोंदींची एक प्रत घेतली, त्यातली खरी शर्वरी काढली आणि तिच्या जागी पौर्णिमेच्या चंद्रासारखी सपाट, काठापासून मध्यापर्यंत सारखी उजळ चकती पेरली. मग ती सांधकाला दिली.

पडद्यावर कडं उमटलं. मधोमध काळीकुट्ट सावली.

तिनं नुसता एक ठिपका पेरून पाहिला. पुन्हा कडं, पुन्हा सावली. हर्षदानं ही दोन आणि शर्वरीचं, अशी तीनही चित्रं छापून घेतली. हे यंत्र कुणाच्याही कपाळावर कुंकू लावत सुटलं होतं.

वेधशाळेचे प्रमुख सबनीस सर आपल्या खोलीत एकटेच उद्याचं भाषण वाचत होते. या महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. तरुणपणी त्यांनी गणितानं दाखवलं होतं की महाकाय वस्तुमान कोसळताना काही वेळा घटनाक्षितिज तयारच होत नाही. मग अनंत घनतेचा तो मधला बिंदू झाकला जात नाही, उघडाच राहतो. परिषदांमध्ये लोक गालातल्या गालात हसले आणि पाठीमागे त्यांचं नाव 'उघडे सबनीस' पडलं. पुढे त्यांनी तो विषयच सोडला.

हर्षदानं तीनही चित्रं त्यांच्यापुढे ठेवली. "सर, शर्वरी उघडा बिंदू असती तर कशी दिसली असती?"

सरांनी चित्रं पाहिली आणि चष्मा काढला. "काही उघडे बिंदूही सावली पाडतात. पण काहींजवळून प्रकाश वळून वळून बाहेर निसटतो. तिथं मध्यभाग काळा दिसत नाही, उजळतो. सावली दिसली म्हणून कृष्णविवरच, असं नव्हे. पण सावलीच नसेल, तर मात्र कृष्णविवर नव्हे."

"मग ती उजेडाची चित्रं नमुन्यांमधून कुणी वगळली? निसारनं?"

"आधी त्याची माफी माग," सर म्हणाले. "मी वगळली."

हर्षदा खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"माझी होती म्हणून वगळली. नाहीतर लोक म्हणाले असते, सबनीसांनी यंत्राच्या कानात आपलाच मंत्र फुंकला. घरच्या पोराचा पेपर आपण तपासू नये, हर्षदा."

"सर, तुम्ही त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही."

त्यांचे डोळे भरून आले. भाषणाचे कागद त्यांनी उलटे ठेवले आणि पत्रकारांना उद्या येऊ नका म्हणून कळवलं.

हर्षदानं निसारला माफीदाखल दोन प्लेट भजी दिली. त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली आणि मग सरांची जुनी चित्रं नमुन्यांत घालून सांधकाला नव्यानं शिकवायला घेतलं. आठवडाभर कुणी धड जेवलं नाही. शेवटी शर्वरीच्या त्याच नोंदी पुन्हा यंत्राला दिल्या. कडं उमटलं. आणि या वेळी मधोमध मंद, राखेखालच्या निखाऱ्यासारखा उजेड होता.

सबनीस सर पडद्याला हात लावून रडले. तीस वर्षं साठलेलं ते रडू पाहून निसारनंही तोंड फिरवलं.

"सोमवारी जाहीर करू," सर नाक पुसत म्हणाले. "हर्षदा, मग किल्ली दे. डिस्का मोकळ्या करायच्यात."

हर्षदाला खूप आनंद झाला होता आणि त्या आनंदाचाच तिला संशय आला. काळोख शिकवला तेव्हा काळोख दिसला. उजेड शिकवल्यावर उजेड दिसतोय. शर्वरीनं स्वतः काय सांगितलं?

"सर, आणखी पेरे करून बघू. आणखी दुर्बिणी मिळेपर्यंत नोंदी ठेवू."

"आणखी दुर्बिणी! पाच मिळवता मिळवता माझे केस गेले." ते हसले, पण आवाज दुखावलेला होता. "मला जाण्याआधी एवढं बघू दे, बाई. तुलाही दिसतोय ना तो उजेड?"

दिसत होता. म्हणूनच तिला नाही म्हणवेना. "सोमवारी देते किल्ली," असं पुटपुटून ती निघाली. वाटभर ती स्वतःला समजावत होती, की म्हाताऱ्या माणसाला एवढं सुख द्यायला काय हरकत आहे.

घरी शेजारच्या ढाणेकाकू आल्या होत्या. भिंतीवर आजीचा फोटो, मोठा करून, फ्रेममध्ये, कुंकवासकट. शालनबाई कौतुकानं सांगत होत्या, "आमच्या आईचं कुंकू असंच असायचं बघा. मोठं, रेखीव. अजून डोळ्यांसमोर आहे माझ्या."

"आई, तूच म्हणालीस ना, तिच्या कपाळाला कधी बोटसुद्धा..."

"असं म्हणाले मी?" शालनबाई खरोखरच गोंधळल्या. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग लेकीकडे. "नाही गं. होतं की कुंकू. हे काय, दिसतंय ना!"

हर्षदानं कपाट उघडलं. जुने फोटो ठेवायची पत्र्याची पेटी काढली. पेटी रिकामी होती.

"आई, मूळ फोटो कुठंय?"

"तो कुरतडलेला? सकाळीच घंटागाडीत टाकला."

हर्षदानं पर्समध्ये हात घालून किल्ली चाचपली आणि मूठ घट्ट आवळली.

"असं काय बघतेस?" शालनबाई म्हणाल्या. "एवढा छान सांधून मिळाल्यावर तो फाटका कशाला हवा होता?"