चाकणच्या पेठेतली खिडकी

हसायचं तर हसा. पण हे माझ्या सख्ख्या मामूंच्या घरी घडलंय. मोशीत, मागच्या उन्हाळ्यात. भर दुपारी.

युनूसमामूंचा चाकणला जुन्या लाकडाचा धंदा. पाडलेल्या घरांची दारं, खांब, तुळया घ्यायच्या आणि विकायच्या. गौहरमामी गेल्यापासून फ्लॅटमध्ये एकटेच असतात.

चाकणच्या पेठेतलं एक दुमजली दुकान पाडलं, तेव्हा त्यांनी वरची खिडकी घेतली. सागवानी. चौकटीवर कोरलेले पोपट. ती मात्र विकली नाही. हॉलच्या भिंतीवर बसवली.

खिडकीमागे नुसती भिंत. भिंतीपलीकडे... काहीच नाही. दहावा मजला.

एकदा फोनवर म्हणाले, "नबीला, दुपारी खिडकीतून बाजार ऐकू येतो."

मला वाटलं, एकटेपणा.

मी गेले. आम्ही जेवायला बसलो. खाली बांधकामाची मशिनं धडधडत होती.

आणि एकदम थांबली.

पंखा फिरत होता. त्याचाही आवाज नव्हता...

खिडकीआड बांगड्या वाजल्या.

मामूंनी हळूच विचारलं, "जेवलीस का?"

मला नाही. खिडकीला.

मग बाईचा आवाज आला. अगदी जवळून.

"खाली कुणीच दिसंना... बाजार उठला का?"

मामू उठले. कडीला हात घातला. मी त्यांचं मनगट धरलं.

"मामू, नको."

"एकटी आहे गं ती."

फळीवरून नखं फिरल्यासारखं झालं... आणि मशिनं पुन्हा सुरू झाली.

चाकणच्या त्या पाडलेल्या दुकानासमोर शालनबाई राहायच्या. त्यांना गाठलं.

"व्हय, दुकानदाराची सून बसायची तितं. खोलीला भायेरनं कडी. दिसभर बाजार बघायची. एक दिस दिसली न्हाई. कुनी इचारलंबी न्हाई."

मामूंना म्हटलं, खिडकी काढा, पिंपरीला आमच्याकडे चला.

"तिला कुणी विचारलं नाही म्हणतेस," ते म्हणाले, "मग मी तरी विचारतो."

मग एका दुपारी त्यांनी फोन उचलला नाही. मी धावत गेले. माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं.

प्रत्येक खोली पाहिली. बाथरूम, गॅलरी. मामू नव्हते.

मी दाराशीच खुर्ची टाकून बसले. ऊन उतरलं...

आणि मागून, हॉलमधून, मामूंचा आवाज आला.

"कधी आलीस बेटा?"

चपला धुळीनं माखलेल्या. चेहरा मात्र कित्येक महिन्यांत नव्हता इतका शांत.

"कुठे होता?"

"बाजारात," ते म्हणाले. "तिला बरोबर घेऊन गेलो होतो."

दारातून कुणीच आत आलं नव्हतं. दारात मीच बसले होते.