ताईची फाइल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. त्या दुपारी मी अगदी साध्या कामाला बसलो होतो. ऑफिसातला जुना मेनफ्रेम, म्हणजे खोलीभर पसरलेला मोठा संगणक, पाच वाजता कायमचा बंद होणार होता, आणि त्याच्यातल्या, जागा वाचवायला दाबून बांधलेल्या फायली मी नव्या युनिक्स संगणकावर आणत होतो.

शेवटची फाइल ताईची. माझी थोरली बहीण बावीस वर्षं त्या मशीनवर बसली. मलाही तिनंच हाताला धरून कामाला लावलं. गेल्या वर्षी ती गेली. दवाखान्यात तिचा आवाज पार बसला होता. कानाशी तोंड आणून म्हणाली, "तुझ्यासाठी लिहून ठेवलंय... मशीन बंद व्हायच्या आत काढून घे." मी वर्षभर चालढकल केली. ते वाचलं असतं तर तिच्याकडून यायचं काही उरलंच नसतं.

फाइल आली. दाराशी थांबलेला इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब, खटका ओढू का?"

"ओढा."

खटका पडला. पंखे घरघरत थांबले. खोलीत तापलेल्या धुळीचा वास तेवढा राहिला.

मग मी फाइल उघडली. नुसता कचरा. पाठवताना 'बायनरी' सांगायचं विसरलो होतो. ते सांगितलं की फाइल जशीच्या तशी येते. नाही तर मशीन तिला साधा मजकूर समजतं आणि आपल्या परीनं एकेक अक्षर बदलत जातं. दाबलेली फाइल अशी आली की संपलीच.

"परत चालू करता येईल?"

"केबल कापली, साहेब... काही राहिलं का आत?"

मी हातानंच त्याला जायला सांगितलं. तो मान खाली घालून निघून गेला. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो.

मग वेड्या आशेनं पुन्हा प्रयत्न केला. फाइल उघडली.

"बायनरी विसरलास ना, धांदरटा? असू दे, मी नीट लावून घेतलंय. रडू नकोस. तेवढं त्या माणसाला खटका ओढू देऊ नकोस. मी अजून इथंच आहे..."

मी मागे वळून पाहिलं. मेनफ्रेमवर एकही दिवा नव्हता. फाइल बंद करून पुन्हा उघडली. खाली एक ओळ वाढली होती.

"अंधार का केलास रे?"

त्यानंतर ती उघडायची माझी छाती झाली नाही. रोज कामावर आलो की फक्त फाइलचा आकार बघतो. वाढतोय.