चिंतालेख

उद्या सकाळी नऊ वाजता शाल्मलीच्या मेंदूत सुई जाणार होती, आणि ते टाळायचं तर आजच तिच्या व्यसनाचं दुसरं काही मूळ सापडायला हवं होतं. तिची आई, डॉ. अनुपमा देशकर, सकाळपासून तिच्या नोंदी चाळत होती. नागपूरच्या मेंदू प्रयोगशाळेत शेकडो आईबापांना धीर देणारी ही बाई. पण पाळी स्वतःच्या पंधरा वर्षांच्या लेकीवर आली तेव्हा तिचंच धाबं दणाणलं. सुईने व्यसन जाई, हे खरं. पण सोबत काळजीही जाई. गेल्या वर्षी सुई घेतलेला एक मुलगा आपल्या आईला ओळखत होता, तिच्याशी नीट बोलतही होता, फक्त तिच्यासाठी त्याचा जीव आता तुटत नव्हता.

शाल्मलीचं व्यसन इंटरनेटचं; दिवसाचे चौदा तास ती त्यावर असे. तिच्या मानेवर चिकटवलेली टिकली तिची घालमेल मोजून आईच्या फोनवर आलेख पाठवी. त्याचं ‘चिंतालेख’ हे नाव अनुपमानेच ठेवलं होतं.

“मॅडम, ही रेषा नेमकी कधी चढते, पाहिलंत?” सहकारी डॉ. धनवटे म्हणाले.

“दिवसभर चढतेच हो मेली!”

“नाही. आधी तुमचा फोन जातो, ‘बरी आहेस ना गं?’ मग रेषा चढते. मग पोरगी मोबाइलमध्ये डोकं घालते आणि दोन मिनिटं तिला बरं वाटतं. मेंदू तेवढंच शिकतो, घाबरलं की पडद्याकडे पळायचं. इंटरनेट हे मूळ नाहीच. भीती सोसायची दुसरी रीत येत नाही, हे मूळ.”

“आणि मी फोन का करते? रेषा चढली म्हणूनच ना!”

“तेच तर. काल तुम्ही चिंतालेख चारशे बारा वेळा उघडलात.”

अनुपमाने मनात आपलीच साखळी जुळवून पाहिली. घाबरायचं, पडदा उघडायचा, क्षणभर बरं वाटायचं, पुन्हा घाबरायचं. व्यसनाचे निकष तिनेच लिहिले होते.

“नियमाप्रमाणे साखळीतला पहिला दुवा तोडायचा,” धनवटे खाली बघत म्हणाले. “शाल्मलीची सुई रद्द. उद्या तुम्हाला. आता संध्याकाळपर्यंत आलेख उघडला नाहीत, तर मात्र तुम्हालाही नको.”

“एवढंच ना? अहो, त्यात काय!” लेक सुटली म्हणून ती हसूनच म्हणाली, आणि तिने फोन एप्रनच्या खिशात टाकला.

बाहेर बसलेल्या शाल्मलीला धनवट्यांनी आत बोलावून सगळं समजावलं. ती आईच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

“आई, आता इथेच विचार ना मला, कशी आहेस म्हणून.”

अनुपमाने लेकीचा चेहरा निरखला. हे रडू आनंदाचं की भीतीचं, तिला काही केल्या कळेना. काळजात धस्स झालं.

“एकच मिनिट हं, राजा,” ती म्हणाली, आणि तिने खिशातून फोन काढून चिंतालेख उघडला.