नाव न घेता मारलेली हाक

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती, तर तिच्यात स्वतःला इतका भित्रा दाखवला नसता.

आणि हे अमावास्येच्या रात्रीही घडलेलं नाही. भर दुपारी घडलं. बुडापेस्ट शहरात, डॅन्यूब नदीच्या पुलाशी. लख्ख ऊन होतं. आजूबाजूला माणसं आईस्क्रीम खात होती.

तरी घडलं.

मी तुंगकांगचा. तैवानच्या दक्षिणेचं मासेमारीचं बंदर. मी आणि माझी बायको बी-लिएन, आम्ही जन्मभर माशाच्या गोळ्यांचं दुकान चालवलं. ती मासा कुटायची, मी गोळे उकळायचो. समोर टीव्ही लावलेला असायचा. त्यात युरोपातली शहरं दाखवली की तिचा हात थांबायचा.

"एकदा जाऊन येऊ या," ती म्हणायची.

"आणि दुकान कोण बघणार?" मी म्हणायचो.

मागच्या वसंतात ती गेली. पोटात गाठ होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

मुलगा त्सुंग-हान म्हणाला, "बाबा, आईचं राहून गेलं. आपण जाऊ या. तिलाही घेऊन जाऊ."

यात आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. घरी तिच्या नावाची पाटी आहे, समोर उदबत्तीचं भांडं आहे. त्यातली चिमूटभर राख लाल कापडात बांधून खिशात ठेवायची. म्हणजे ती बरोबर येते. पण आधी तिला विचारावं लागतं.

कौल लावायला तिची थोरली बहीण आली, आ-खिम आक्का. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडला, तर होकार. दोन्ही फुगीर पडले, तर नकार.

होकार आला. पुन्हा टाकले, पुन्हा होकार.

"बघा, कशी उतावीळ झालीय," आक्का म्हणाली. मग तिने माझ्यासमोर बोट नाचवलं. "आता नीट ऐका भावोजी. वाटेत पूल आला की हाक मारायची. मोठ्याने. नाव घेऊन. 'बी-लिएन, पूल आला, माझ्या मागे ये.' मेलेल्या माणसाला पाणी आपलं आपण ओलांडता येत नाही. हाक नाही मारली, तर ते काठावरच राहतं."

"मनातल्या मनात मारली तर?"

"तुमच्या मनातलं तिला जिवंतपणी तरी कधी ऐकू आलं का?"

आम्ही हसलो. ती शेवटची वेळ.

प्रागला उतरलो. आमच्याच बेटावरच्या तीसेक लोकांचा जथ्था, बरोबर श्याओ-लाई नावाची गाईड मुलगी. पहिला पूल आला तेव्हा मी मोठ्याने हाक मारली. लोकांनी वळून पाहिलं. मला काही वाटलं नाही.

सकाळी हॉटेलात नाश्त्याला बसलो. आम्ही तिघं. मी, त्सुंग-हान आणि सून यी-च्येन.

वाढणाऱ्या बाईने टेबलावर कप ठेवले...

चार.

यी-च्येनने एक परत दिला. पुढच्या शहरात साल्झबर्गला दुसरं हॉटेल, दुसरी बाई. तिथेही चार कप.

बसमध्ये माझ्या शेजारची खिडकीची जागा मोकळी असायची. बी-लिएनची एक सवय होती. बसण्याआधी ती घसा खाकरायची. दोनदा, हलकेच. एकदा बस सुटता सुटता मला ते ऐकू आलं...

अगदी कानाजवळ.

मी घाबरलो नाही. खरं सांगायचं तर कित्येक महिन्यांनंतर मला बरं वाटलं.

साल्झबर्गला नदीवर पायी जायचा पूल होता. मी हाक मारली, तेव्हा मागून आमच्या जथ्थ्यातल्या क्वो बाई चालत होत्या.

"कुणाला बोलावताय?"

"माझ्या आईला," त्सुंग-हान म्हणाला.

"हो का? दिसल्या नाहीत कधी. कुठे आहेत त्या?"

त्सुंग-हानने नदीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ती वारली."

क्वो बाईंनी हातातली पिशवी छातीशी धरली आणि झपझप पुढे निघून गेल्या.

संध्याकाळी जेवताना त्या नवऱ्याशी बोलल्या. पण आवाज सगळ्या टेबलांसाठी होता. "आम्ही सुट्टीला आलोय. कुणाच्या मयताला नाही."

त्सुंग-हानचे कान लाल झाले.

नंतर श्याओ-लाई माझ्यापाशी आली. "काका, राग नका मानू. माझी आजीसुद्धा पुलावर हाक मारते. पण बसमध्ये वयस्कर माणसं आहेत, त्यांना अपशकुन वाटतो. जरा... हळू माराल का?"

"बाबा," त्सुंग-हान म्हणाला, "कुणाला कळणार नाही असं काहीतरी करा ना."

म्हणून व्हिएन्नाला मी युक्ती केली. पूल आला की फोन कानाला लावायचा आणि म्हणायचं, "बी-लिएन, पूल आला, माझ्या मागे ये." क्वो बाईंचा नवरा वळून म्हणाला, "काय राव, घरी इतके फोन?" मी दात काढले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला कप चारच आले. मला वाटलं, जमलं.

मग बुडापेस्ट.

आमची बस नदीच्या डोंगराकडच्या काठाने येत होती. हॉटेल पलीकडच्या काठावर. पूल जवळ आला होता. मी फोन काढायला खिशात हात घातला, तेवढ्यात क्वो बाई उठून माझ्याकडे आल्या.

"आमच्या डोक्यावर एसीचं पाणी गळतंय. इथे बसू का? रिकामीच आहे ना ही जागा?"

त्या चांगुलपणाने विचारत होत्या. त्यांनाही परवाचं बोलणं मनाला लागलं असणार.

मला म्हणायचं होतं, नाही, इथे माझी बायको बसते.

मी म्हणालो, "बसा ना."

मी पाय आखडले. त्या आत सरकून खिडकीशी बसल्या. त्यांनी पर्समधून सुकवलेल्या आलूबुखाराची पुडी काढली आणि एक माझ्या हातावर ठेवला. "घ्या. बस लागत नाही याने. तुम्हाला मुलं किती?"

मी तो तोंडात टाकला. "एकच," म्हणालो.

खाली नदी दिसू लागली. रुंद, मातकट. सगळे फोटो काढत होते. क्वो बाई त्यांच्या नातवाबद्दल सांगत होत्या. मी मान हलवत होतो. तोंडात आलूबुखार.

पूल संपला.

मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाढणाऱ्या बाईने टेबलावर कप ठेवले...

तीन.

यी-च्येनने ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहा ओतून घेतला.

तेवढ्यात आक्काचा फोन. "काय भावोजी, बरी आहे ना ती? पुलावर हाक मारली ना?"

"मारली," मी म्हणालो.

त्या दिवशी आम्हाला पुन्हा पलीकडच्या काठावर न्यायचं होतं, डोंगरावरचा किल्ला बघायला. मला वाटलं, देवाने संधी दिली. ती तिथेच उभी असेल. येताना घेऊन येऊ.

दुपारी किल्ला बघून बस खाली आली. श्याओ-लाई म्हणाली, "पुलाशी थोडा वेळ थांबू, फोटो काढा."

मी पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. खाली पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. पाणी पायरीला चाटून मागे जात होतं.

आता मोठ्याने, नाव घेऊन. इतकंच करायचं होतं.

मागे पाहिलं. क्वो बाई आईस्क्रीम खात माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी हसून हात केला. बाकीचेही होते. त्सुंग-हान माझ्यावर नजर ठेवून होता.

मला लाज वाटली. बायकोचं नाव घ्यायची लाज.

मी असं तोंड केलं की जणू मुलालाच बोलावतोय. आणि हळूच म्हणालो...

"चल, ये. निघायचंय."

नाव घेतलं नाही.

पाणी पायरीला लागलं, पण या वेळी मागे गेलं नाही. वरच्या पायरीवर आलं. मग त्याच्या वरच्या...

एखादी होडी गेली असेल, तिची लाट असेल, असं मी म्हटलं. पण नदीवर होडी दिसली नाही.

बसमध्ये शेजारची जागा मोकळी होती. क्वो बाई नवऱ्यापाशी परत गेल्या होत्या. बस सुटली. मी घसा खाकरण्याची वाट बघत राहिलो. नाही आला आवाज.

पण सीट दबली.

मी डोळ्यांनी पाहिलं. हळूहळू, जड माणूस बसावा तशी. आणि वास आला. गाळाचा, ओल्या लोकरीचा.

मी स्वतःला सांगितलं, बिचारी रात्रभर पाण्याशी उभी होती, भिजली असेल.

संध्याकाळच्या जेवणाला वेटरने चार ताटं मांडली. या वेळी यी-च्येनने चौथं परत दिलं नाही. ती रडायला लागली. "आल्या, बाबा," म्हणाली.

मीही रडलो. मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

घरी आल्यावर राख परत भांड्यात टाकली. पाटीसमोर रोज सकाळ-संध्याकाळ जेवण ठेवतो तसं ठेवलं. भात, माशाच्या गोळ्यांचं सूप, जेवणाच्या काड्या आणि सुपाचा चमचा. बी-लिएनने चमचा कधी वापरला नाही. सूप ती वाटीला तोंड लावून प्यायची. चमचा मी आपला रीत म्हणून ठेवायचो.

सकाळी ताट उचलायला गेलो...

काड्या जशाच्या तशा.

चमचा ओला. त्याला भाताची दोन शितं चिकटलेली.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी काड्या जमिनीवर पडलेल्या, जणू कुणी अडचण म्हणून बाजूला सारल्या. आणि पाटीखालच्या फरशीवर पाणी. पुसलं तरी तासाभरात पुन्हा.

आक्का आली. दारातच थांबली, नाक मुरडलं. "हा कसला वास?"

मी फरशीवरच्या पाण्याकडे बोट दाखवलं. तिने कौल हातात घेतला.

"घरी कुणी आलंय का?"

होकार.

"बी-लिएन, तूच ना गं?"

दोन्ही फुगीर. नकार.

तिने पुन्हा टाकले. नकार. पुन्हा. नकार.

आक्काने तुकडे खाली ठेवले. तिचा चेहरा उतरला होता. "भावोजी, हाक कशी मारली होती?"

मी सगळं सांगितलं. आलूबुखारापासून. मान वर करवेना.

"नाव न घेता?" ती म्हणाली. "नदीच्या काठावर उभं राहून? अहो, त्या नदीत काय आपली एकटी बी-लिएनच होती का?"

मला वाटलं होतं, ती तोंड सोडेल. ती पाटीसमोर बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "तिला तिथलं बोलता येत नाही. कुणाला विचारणार ती?"

त्या रात्री मला झोप आली नाही.

भगत आणायचं मी म्हणालो. आक्काने नको म्हटलं. "आगंतुक असता तर हाकलला असता. याला तुम्ही 'ये' म्हणून आणलंय. तुम्हीच परत सोडून या. आणि तिला घेऊन या. या वेळी नाव घ्या, गळा फाटेपर्यंत."

त्सुंग-हानने तिकिटं काढली आहेत. पुढच्या महिन्यात आम्ही दोघंच जाणार. या वेळी कोण बघतंय याची मला पर्वा नाही. क्वो बाईच काय, अख्खं शहर बघू दे.

पण अडचण वेगळीच आहे.

परवा दुपारी दुकानामागच्या मोकळ्या जागेत मी उभा राहिलो. म्हटलं, सवय करू. आवाज मोठा निघायला हवा. छाती भरून ओरडलो.

"बी-लिएन! पूल आला! माझ्या मागे ये!"

शेजारचा मासेवाला थबकला, मग मान खाली घालून कामाला लागला.

आणि घरातून आवाज आला...

खुर्ची सरकल्याचा.

मग पावलं. ओली, जड. फरशीवरून मागच्या दाराकडे. उंबऱ्याशी थांबली नाहीत. माझ्या पाठीशी येऊन थांबली.

गाळाचा वास आला. मी वळलो नाही.

नंतर खात्री करायला मी घरात, अगदी हळू, पुटपुटल्यासारखं तेच नाव घेतलं. ते आलं. काल मुलाशी बोलताना तोंडून सहज निघालं. तरी आलं.

आता ते तिच्या नावाला ओ देतं.

पुलावर उभा राहून मी बायकोला हाक मारेन, पाहिजे तितकी मोठ्याने मारेन. पण ती हाक ऐकून माझ्याजवळ आधी कोण येईल...

ते मला आत्ताच माहीत आहे.