शेवट सांगायचा नाही

बोरपठारावरच्या अंतराळ-संपर्क केंद्रात दमयंती खैरमोडेला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, आणि मग समोरचे दोन शास्त्रज्ञ तिच्याकडे असे बघत बसले की आपल्या हातून काहीतरी फुटलं असावं असं तिला वाटलं. कराडातल्या तिच्या चष्म्याच्या दुकानात कुणी नवीकोरी काच फोडून आणली की तीही त्या गिऱ्हाइकाकडे असंच बघायची.

"खैरमोडेबाई," केंद्राचे संगणकप्रमुख डॉ. निशिकांत ओझर्डे म्हणाले, "'खेळून पाहिलं' हे सदर तुम्हीच लिहिता ना?"

"मीच. का, कुणी तक्रार केली का?"

हा प्रश्न सवयीने आला होता. व्हिडिओ गेमचा नाद तिला शाळेपासूनचा. पुढे लग्न झालं, दुकान झालं, केस पिकायला लागले, पण नाद सुटला नाही. गेम खेळायचा, पुरता संपवायचा आणि मग त्याच्यावर लिहायचं, हा तिचा शिरस्ता. यात दमडीची मिळकत नव्हती. "सूनबाई, लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या असतील तर घरच्या दोन टाका," असं तिचे सासरे म्हणायचे, आणि संध्याकाळी हळूच विचारायचे, "जिंकलीस का हरलीस?"

एक काळ असा होता की हजारो लोक तिचं सदर वाचायचे आणि कंपन्या बाजारात येण्याआधी गेम तिच्याकडे पाठवायच्या. मग एका गाजलेल्या गेमबद्दल तिने लिहिलं, 'बाहेरून राजवाडा, आत पाऊल टाकलं की पत्र्याची शेड.' फुकटचे गेम थांबले, आणि त्या गेमच्या भक्तांनी तिला इतक्या शिव्या घातल्या की पुढची दोन वर्षं तिने लिहिणंच सोडलं. परत आली, तोवर यंत्रं चुटकीसरशी परीक्षणं पाडायला लागली होती. तिचे वाचक इतके उरले की बहुतेकांना ती नावाने ओळखत होती. तरी ती लिहीत राहिली. चढउतारांत तिचा एक नियम मात्र कधी मोडला नाही. शेवट सांगायचा नाही. कुणी कितीही गळ घातली तरी नाही. या नियमाचा तिला भारी अभिमान होता.

"तक्रार नाही," ओझर्डे म्हणाले. "'दूरवासी' यान शनीकडे निघालंय, ते तुम्हाला ठाऊक असेल. यान जितकं लांब जातं तितकी आपल्याकडून जाणाऱ्या माहितीची धार बारीक होते. आता ती थेंबाथेंबावर आली आहे. एखादा मोठा गेम पाठवायचा तर वर्ष मोडेल. शब्द मात्र पाठवता येतात. म्हणून आम्ही यानावर शब्दघडण यंत्र बसवलं आहे. त्याला वर्णन द्यायचं, ते त्यातून गेम घडवतं. जागा, माणसं, नियम, सगळं."

"वर्णन कुणाचं देता?"

"आधी कंपन्यांच्या जाहिराती दिल्या. नुसता झगमगाट आला, धावायला जावं तर पायाखाली जमीन नाही. मग यंत्रांनी लिहिलेली परीक्षणं दिली, तर सगळे गेम एकाच साच्यातले निघाले. शेवटी कुणीतरी तुमचं एक परीक्षण घातलं." ओझर्ड्यांनी समोरच्या पडद्यावरून वाचलं, "'उडी मारली की पाय जरा उशिरा टेकतो, आणि टेकतो तो शेवाळलेल्या पायरीवर टेकल्यासारखा.' एवढ्या एका ओळीवरून यंत्राने वजन, वेग, घर्षण, सगळं अचूक बसवलं. गेलं वर्षभर यानावरची सहाही माणसं तुमचेच गेम खेळत आहेत."

"माझे नाहीत हो ते. मी फक्त लिहिलं."

"इथे फक्त लिहिलंत. तिथे ते तुमचेच आहेत."

दमयंतीने कप खाली ठेवला. ज्या सदराला कराडात कुणी विचारत नव्हतं, ते शनीच्या वाटेवर रोज उघडलं जात होतं. घरी जाऊन सासऱ्यांना हे कोणत्या शब्दांत सांगायचं, याची तिने मनातल्या मनात जुळवाजुळवही सुरू केली.

आतापर्यंत गप्प बसलेल्या डॉ. फिरोजा तडवी पुढे सरकल्या. यानावरच्या माणसांची मनं सांभाळणं हे त्यांचं काम. "बाई, यंत्राला आम्ही एक कडक नियम घातला आहे. वर्णनात नाही ते घडवायचं नाही. सुरुवातीला मोकळीक दिली होती, तेव्हा ते स्वतःच्या मनचं भरत गेलं आणि प्रत्येक गेमचा लगदा झाला. तेव्हापासून लिहिलंय तेवढंच. आणि तुम्ही शेवट लिहीत नाही."

दमयंतीला कळायला वेळ लागला नाही. "म्हणजे तिथे एकही गेम संपत नाही?"

"एकही नाही. शेवटच्या दारापर्यंत जातात, दार उघडतात, आणि पलीकडे नुसतं पांढरं असतं. पाच जणांनी ते हसण्यावारी नेलं. सहावा, भार्गव मडावी, तो मात्र अडकला. गडचिरोलीचा मुलगा, यानाचा ऊर्जा-अभियंता. 'बुडीत' नावाच्या गेममधल्या शेवटच्या दारापाशी तो मोकळा वेळ घालवतो. आता जेवायलाही इतरांत बसत नाही. आम्ही त्याला सांगितलं की पुढे काही नाही, तर म्हणतो, तुम्हाला ठाऊक नाही. परवा त्याच्याकडून वीजपुरवठ्याची साधी तपासणी राहून गेली. पुन्हा राहिली तर सहा जिवांशी गाठ आहे. तेव्हा विनंती एवढीच, 'बुडीत'चा शेवट लिहून द्या."

"नाही," दमयंती म्हणाली. विचार करायच्या आतच तोंडातून गेलं.

"तत्त्व मोठं की माणूस मोठा, बाई?"

"माणूसच मोठा. पण शेवट ज्याचा त्याने गाठायचा असतो. मी सांगितला तर तो त्याच्या हाती लागणार नाही, माझाच राहील. आणि उद्या पुढच्या गेमचं काय? त्या दारापाशी पुन्हा माझी वाट बघत बसायचं?" ती थांबली. "मला आधी त्यांचा गेम खेळू द्या. तो तिथे का उभा आहे, ते मला बघायचंय."

यानावर घडलेल्या 'बुडीत'ची हुबेहूब प्रत केंद्रात होती. धरणाखाली गेलेल्या गावात बुडी मारून घराघरातल्या वस्तू वर आणायच्या, असा तो खेळ. दमयंतीने पहिली बुडी मारली आणि तिच्या अंगावर काटा आला. 'पाणी हाताला भिजवलेल्या पिठासारखं लागतं' असं तिने लिहिलं होतं, ते तसंच लागत होतं. गिरणीच्या दारात पाय अडकतो अशी तिने तक्रार केली होती, तिथे पाय अडकलाच. सबंध गाव तिच्या वाक्यांवर उभं होतं आणि कुठे डगमगत नव्हतं. तिने पाण्याबाहेर डोकं काढलं, वर बघितलं, तर आकाशच नव्हतं.

"हे काय?" तिने विचारलं.

"तुम्ही लिहिलं नाहीत," ओझर्डे म्हणाले.

खरंच होतं. इतकी वर्षं खेळली, पण खेळताना तिने कधी मान वर केलीच नव्हती. अभिमानाचा फुगा थोडा खाली आला, आणि ते बरंच झालं. ती निमूटपणे शेवटच्या दारापाशी पोचली, देवळाच्या तळघराचं दार. ते ढकललं. पलीकडे पांढरं. आणि तिथे उभी असताना तिला स्वतःचंच एक वाक्य आठवलं. 'शेवटचं दार हट्टी आहे, पण चिकाटी सोडू नका. इथे टिकेल त्याला फळ मिळतं.'

"अरे देवा," ती म्हणाली. "पोरगा वेडा नाही हो. मी थांब म्हटलं म्हणून थांबलाय."

कधी न पाहिलेला एक माणूस एवढ्या अंतराळात तिच्या शब्दावर विश्वास ठेवून उभा होता. असा वाचक मिळावा म्हणून लिहिणारे जन्म घालवतात, आणि तिला तो मिळाला होता तो त्याचं नुकसान करूनच.

"हे यंत्र परीक्षण कुणाचं आहे ते बघतं का?" तिने विचारलं.

"नाही. फक्त शब्द बघतं."

"मग शेवट त्यालाच लिहू द्या."

ओझर्ड्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "स्वतः लिहिलेला शेवट स्वतः खेळण्यात काय मजा?"

"त्याला नसेल. उरलेल्या पाच जणांना असेल. आणि त्यांनी लिहिलेला याला असेल. तुम्ही सगळे गेम पृथ्वीवरून पाठवत बसलात, डॉक्टर. शब्द तर त्यांच्याकडेही आहेत."

तिने मडावीला तिथेच बसून निरोप लिहिला. 'चिकाटी धरा हे मी पृथ्वीवरच्या दारासाठी लिहिलं होतं. तुमच्या दारामागे काही नाही, कारण माझे शब्द तिथवरच पोचतात. चूक माझी आहे, तुमची नाही. आता पलीकडे काय आहे ते तुम्ही लिहा, खेळून आल्यासारखं लिहा. हाताला काय लागलं ते आधी, डोळ्याला काय दिसलं ते नंतर. विशेषणं मिठासारखी वापरा. आवडलं नाही ते लपवू नका. शेवट सांगायचा नाही, हा माझा नियम या खेपेपुरता तुम्हाला माफ.'

बरेच दिवस उत्तर आलं नाही. मग आलं ते मडावीच्या पहिल्या शेवटासकट. त्यात इतकी विशेषणं होती की यंत्राने तळघराचं पार लग्नाचं कार्यालय करून टाकलं होतं, आणि यानावर सगळे पोट धरून हसले होते. दमयंतीने लाल खुणा करून ते परत पाठवलं. 'मग तुम्हीच लिहा,' असं मडावीचं तुसडं उत्तर आलं. ती खूष झाली. ज्याला टीका झोंबते तो पुन्हा लिहितो, हे तिला स्वानुभवाने ठाऊक होतं.

दुसरा शेवट बरा होता, तिसरा चांगला. इतरांनी तो खेळला आणि जेवताना त्यावर भांडण झालं. भांडायचं म्हणजे मडावीला जेवायला बसणं भाग होतं. मग यानाच्या कप्तानबाईंनी चिडून स्वतःचा वेगळा शेवट लिहिला. बघता बघता सहाही जण लिहायला लागले. तडवींच्या अहवालात 'तपासण्या वेळच्या वेळी, भांडणं भरपूर, भूक उत्तम' असे शेरे यायला लागले. दमयंती दर आठवड्याला बोरपठारावर यायची, त्यांचे शेवट तपासायची, आणि आकाशाचा उल्लेख राहिला असेल तर समासात लिहायची, 'मान वर करा. मी केली नव्हती.'

वर्ष उलटलं, आणि एके दिवशी ओझर्ड्यांनी तिला फोन केला. मडावीकडून एका अख्ख्या गेमचं परीक्षण आलं होतं. 'कळप' नावाचा असा कुठला गेम पृथ्वीवर कुणी बनवलेलाच नव्हता. त्याने तो पहिल्या शब्दापासून यानावर घडवला होता.

केंद्रातल्या यंत्राने परीक्षणावरून 'कळप' उभा केला. इतकी वर्षं लिहून आज पहिल्यांदा दमयंती दुसऱ्याच्या शब्दांत शिरत होती. परीक्षण आधी वाचायला तिने साफ नकार दिला. गेममध्ये म्हशींचा कळप रानातून घरी आणायचा होता. म्हशी हाकलल्या की थांबायच्या, पाठ फिरवून चालायला लागलं की मागून यायच्या. हे कळायला तिला अर्धा दिवस गेला आणि कळलं तेव्हा ती मोठ्याने हसली. पायाखालचा पाचोळा तळव्याला जाणवत होता. एक म्हातारी म्हैस सारखी मागे राहायची आणि तिच्यासाठी सगळा कळप थांबायचा. दोष होते. ओढा ओलांडायची जागा नीट दिसत नव्हती. पण असा गेम तिने कित्येक वर्षांत खेळला नव्हता.

कळप गावाशी पोचला. बांबूचं फाटक आलं. आतून कुणाच्या तरी हाका ऐकू येत होत्या. तिने फाटक ढकललं.

पलीकडे पांढरं.

"प्रक्षेपण तुटलं वाटतं," ओझर्डे घाईने म्हणाले. "शेवटचा भाग पुन्हा मागवतो."

"थांबा. परीक्षण दाखवा."

तिने आता ते वाचलं. काही तुटलं नव्हतं. शेवटची ओळ पूर्ण होती, पूर्णविरामासकट. 'फाटकापलीकडे काय आहे ते सांगणार नाही. बाईंनी माफी एका खेपेपुरतीच दिली होती.'

दमयंती खुर्चीत मागे रेलली. इतकी वर्षं वाचक शेवटासाठी तिला का गळ घालत होते, ते तिला आज कळलं. हाका कोण मारतं? म्हातारी म्हैस घरी पोचते का? जीव नुसता टांगणीला लागला होता. गुरूची विद्या गुरूलाच फळली होती. तरी तिचा ऊर अभिमानाने भरून आला, इतका की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. दाराशी अडकलेल्या पोराने आता तिला दाराशी आणून उभं केलं होतं, आणि तेही तिच्याच नियमाने.

"लिहायला सांगू त्याला शेवट?" तडवींनी विचारलं. "तुम्ही मागितलात तर नाही म्हणणार नाही."

"म्हणूनच मागायचा नाही."

"अहो, पण यान परतायला अजून पाच वर्षं आहेत."

"मग पाच वर्षं थांबेन." तिने टंकफलक जवळ ओढला आणि 'खेळून पाहिलं'चा नवा मजकूर सुरू केला. म्हशींबद्दल लिहिलं, पाचोळ्याबद्दल लिहिलं, आकाशाबद्दल लिहिलं, ओढ्याच्या दोषाबद्दल जरा कडकच लिहिलं. फाटकापाशी येऊन ती क्षणभर थांबली, आणि मग तिने शेवटचं वाक्य लिहिलं.

'शेवट सांगत नाही, कारण या वेळी तो मला माहीत नाही. तो फक्त माझ्या शिष्याला माहीत आहे, आणि तो सांगणाऱ्यातला नाही.'