मागची जागा

ओदेनच्या पातेल्यावरचं झाकण उघडलं की सेइगोचा चष्मा वाफेनं धुरकट व्हायचा, आणि इत्सुए तो त्याच्या नाकावरून काढून, आपल्या बाहीनं पुसून, परत चढवायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या माणसाला स्वतःचा चष्मा पुसता येत नाही, असं ती गल्लीभर सांगत सुटायची. ती हिवाळ्यात गेली. तेव्हापासून सेइगो ओदेनच्या काळ्या रश्श्यातला मुळा नि माशाचे वडे गार करूनच खाऊ लागला.

शिझुओका शहरात दर दोन-चार घरांआड प्लॅस्टिकच्या छोट्या मॉडेलच्या कारखान्यात हाडं झिजवलेला एखादा म्हातारा सापडतोच. सेइगोनं तिथं जन्मभर पोलादी साचे घासले होते. केसाहून बारीक फरक त्याच्या बोटाला कळायचा, आणि बोटाला कळत नाही ते जगात नसतं अशी त्याची पक्की समजूत होती. निवृत्त झाल्यावर तो खोक्यातल्या तयार भागांना शिवेनासा झाला. लाकूड कोरून, प्लॅस्टिकचे पत्रे कापून तो जुनी शर्यतीची विमानं घडवायचा. लढाऊ विमानांना मात्र त्याच्या घरात थारा नव्हता.

"माणसं मारायला निघालेली नकोत," तो म्हणायचा, "नुसती एकमेकांच्या पुढं जायला निघालेली चालतील."

विमान त्याचं, आत बसणारा वैमानिक तिचा, अशी वाटणी होती. मुगाच्या दाण्याएवढ्या डोक्यावर ती ओळखीच्या माणसांचे चेहरे रंगवायची. मासळीवाला, दातांचा डॉक्टर, सगळे कधी ना कधी उडून आले होते. सेइगोचा दोस्त क्योझो एका निळ्या विमानात असा आंबट तोंड करून बसला होता की तो स्वतःच ते बघून पोट धरून हसला. फक्त एक नियम होता. वैमानिक आत ठेवून वरची काच चिकटेपर्यंत सेइगोनं तोंड फिरवून बसायचं.

"अहो, बघू नका म्हटलं ना! तो कपडे बदलतोय."

"लाकडाच्या तुकड्याला कसली आलीय लाज?"

"त्याला नसेल, मला आहे."

माझा चेहरा कधी काढणार, असं त्यानं एकदा विचारलं होतं. तुमच्या भुवयांना पुरेल एवढा काळा रंगच बाजारात मिळत नाही, असं ती म्हणाली. मग थोडा वेळ ब्रश धूत राहिली आणि हळूच म्हणाली, "काढीन तेव्हा तुमचा नि माझा बरोबरच काढीन. एकट्याला नाही बसवायची मी."

म्हणूनच तर त्यानं ते लाल विमान हाती घेतलं होतं. दोन इंजिनांचं, अर्ध्या जगापल्याड पोचायच्या जुन्या शर्यतीतलं. एकाच लांब काचेखाली पुढं एक जागा, मागं एक जागा. इत्सुएचा आजार तेव्हा नुकताच कळला होता. दवाखान्यातल्या खाटेवर बसून ती रंगवायची आणि तो खोलीत शिरला की उशीखाली लपवायची. शेवटी तिनं रंगवलेलं एका काड्यापेटीत घालून ती त्याच्या हातात ठेवली. "काच लावल्यावरच बघायचं हं," एवढं बोलतानाही तिला धाप लागली होती.

चहाच्या मळ्यांत नवी पालवी आली तेव्हा कुठं विमान पुरं झालं. एका सकाळी सेइगोनं देव्हाऱ्यातल्या तिच्या फोटोपुढं भात ठेवला, मेजाशी बसला आणि डोळे मिटून काड्यापेटी उघडली. बोटांना एकच आकृती लागली. त्यानं कोपरे चाचपून पाहिले. दुसरी नव्हतीच.

तिला वेळ पुरला नव्हता. त्याचे मिटलेले डोळे भरून आले. एकच आहे, तर कोण? ती की मी? उघडून बघावं असं त्याला फार वाटलं, पण तिचा शब्द मोडवेना. चाचपडत त्यानं आकृती पुढच्या जागेवर बसवली, गोंद घ्यायला तबकाकडे हात नेला, काच टेकवली आणि दाबून धरली.

डोळे उघडले तेव्हा हातात झटपट चिकटणाऱ्या गोंदाची बाटली होती.

काचेला नेहमी पांढरा, सावकाश वाळणारा गोंद लावतात. झटपट गोंदाची वाफ आत कोंडते नि काच आतून पांढरीफटक करून टाकते. हे नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगतात. सेइगो बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुढच्या जागेवर दूध सांडल्यासारखं झालं. मागची रिकामी जागा तेवढी स्वच्छ राहिली.

त्या दिवशी तो जेवला नाही. तिनं काढलेला शेवटचा चेहरा दोन बोटांवर होता आणि तो त्याला कधीच दिसणार नव्हता.

क्योझोनं येऊन पाहिलं. "करवतीनं काप की काच. दुसरी बनवू."

"विमानाच्या अंगाला घट्ट बसलीय ती. हात जरा सटकला तर चेहराच खरवडला जाईल."

"मग राहू दे तशीच. प्रदर्शनात सांगू, ढगातून चाललंय."

"चेष्टा सुचतेय तुला."

"रडू येतंय रे, म्हणून चेष्टा करतोय," क्योझो म्हणाला आणि नाक शिंकरत बाहेर गेला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी सेइगोला त्या पांढऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा स्वच्छ ठिपका दिसला. दुसऱ्या दिवशी तो तिळाएवढा होता. वाफ उतरत असेल, असं क्योझोचं मत पडलं. पण हा पांढरेपणा उतरत नसतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. सेइगोनं काचेवरून बोट फिरवलं. बाहेरून सगळं गुळगुळीत होतं. मग भिंग लावलं. काचेच्या आतून, ठिपक्याच्या कडेला बारीक ओरखडे होते, सगळे एकाच बाजूला वळलेले, कापडानं पुसल्यावर उठतात तसे.

खोलीत थिनरचा वास नेहमीचाच होता. त्यात आता ओदेनवर भुरभुरतात त्या सुक्या माशाच्या भुकटीचा वासही मिसळला होता. इत्सुएच्या बाहीला कायम तोच वास असायचा. सेइगोनं स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. चूल गार होती.

ठिपका मुगाएवढा झाला त्या सकाळी त्याला चेहरा दिसला.

ती इत्सुए होती. डोक्याला चामडी टोपी, कपाळावर चढवलेला उडायचा चष्मा, डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर. सेइगो लहान मुलासारखा रडला. "आहेस होय गं," असं मोठ्यानं म्हणाला. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की आकृतीची मान वळलेली आहे. इत्सुए वैमानिकांना नेहमी समोर बघायला लावायची. मागं बघत कुणी शर्यत जिंकतं का, म्हणायची. ही मात्र खांद्यावरून मागच्या रिकाम्या जागेकडे बघत होती, कुणीतरी येऊन बसायची वाट पाहावी तशी.

त्यानं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

मे महिन्यातल्या प्रदर्शनात मॉडेल बनवणाऱ्यांच्या मंडळाच्या टेबलावर लाल विमान मधोमध ठेवलं. सभागृह माणसांनी फुललं होतं. सेइगो टेबलामागं खुर्चीवर बसला होता. थकला होता, पण मन शांत होतं. क्योझोनं भिंग काढलं आणि विमानावर वाकला.

"आता तर सगळं स्वच्छ दिसतंय रे! वहिनीच आहेत की." त्यानं भिंग मागं सरकवलं. "आणि लबाडा, एकच आकृती होती म्हणालास ना? मागं कोण बसलंय मग?"

"मागं कुणी नाही."

"कसं नाही? या भुवया काय मला ओळखता येत नाहीत?"

सेइगोनं श्वास सोडला.

"अरेच्चा," क्योझो म्हणाला, "मागची काच धुरकटली."

सेइगोनं श्वास रोखला.

"गेलं धुकं."

सेइगोनं पुन्हा श्वास सोडला. सभागृहातला गलबला दूर दूर जात एखाद्या इंजिनाच्या घरघरीसारखा झाला. सेइगोला समोरचं काही दिसेना. सगळीकडे पांढरं होतं. त्याला भीती वाटली, पण थोडीशीच.

मग सुक्या माशाच्या भुकटीचा वास आला.

कुणीतरी त्याच्या नाकावरून चष्मा अलगद काढला. बाहीनं पुसला. परत चढवला.

आता लख्ख दिसत होतं. पुढच्या जागेवरून इत्सुए मान वळवून त्याच्याकडे बघत होती.

आणि डोक्यावरच्या लांब काचेपलीकडे, आभाळभर पसरलेल्या क्योझोच्या डोळ्याची पापणी एकदा लवली.