चार बोटं कमी

जिन्याच्या चौथ्या पायरीवर पँटची मागची कड तिच्याच टाचेखाली आली आणि उरलेल्या पायऱ्या ती बसूनच उतरली. समोर चहाचा पेला हातात धरून टेलर उभा होता. तळमजल्यावरचं दुकान त्याचं. एरवी या वेळी तो मशीनवरून मान वर करत नसे. आजच नेमका बाहेर आला होता.

"लागलं का, मॅडम?"

"नाही... म्हणजे — नाही हो."

लागलं होतं. पण त्याहीपेक्षा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं. कारण पायात सपाट बूट होते, पुठ्ठ्याएवढ्या पातळ तळाचे. आणि अंगावर होती ती पँट, जी आठवड्यापूर्वी तिने "मावसबहिणीची आहे" म्हणून याच माणसाकडे आखूड करायला दिली होती.

हकिकत अशी. दुसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना, तिथे ती स्वागतिका. घरात थोरला भाऊ तिला बुटकी म्हणायचा, म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवशी तिने चार बोटं उंच टाचांचे बूट चढवले आणि तीन वर्षं उतरवले नाहीत. शेवटी कंबर धरली. फिजिओबाईंनी तिला भिंतीला पाठ टेकून उभं केलं आणि कंबरेमागच्या पोकळीत आपला अख्खा हात घालून दाखवला. "उंच टाचांवर तोल सांभाळायला तुम्ही छाती काढून, कंबर वाकवून उभ्या राहता. सपाट बूट वापरून बघा. पण हळूहळू हं, आधी रोज वीसच मिनिटं."

पहिले काही दिवस पोटऱ्या ठणकल्या. पाऊल धप्प आपटायचं. मग चाल आपोआप हलकी झाली, पावलं लहान पडू लागली, पायाची बोटं बुटात ऐसपैस पसरली. कंबरही कुरकुर कमी करू लागली. राहिल्या त्या पाच पँट, ज्या आता जमिनीवर लोळत होत्या.

आणि इथेच घोडं अडलं. टेलरला ती उंच वाटते, अशी तिची पक्की समजूत होती. दर पँटला तो दोन-दोन ट्रायल घ्यायचा, आणि दर ट्रायलला तिच्याकडे असा काही बघायचा... की वर परत गेल्यावर ती हमखास दोन पेशंटची नावं चुकवायची. त्याच्यासमोर चार बोटं कमी होऊन उभं राहायचं? छे! म्हणून मावसबहीण जन्माला आली. खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते. पाचही पँट दवाखान्याच्या राखाडी गणवेशाच्या होत्या.

"त्यांना एकदा मापाला पाठवा ना," तो म्हणाला होता.

"ती... परगावी असते. तुम्ही सरळ चार बोटं कापा."

ती परगावची मावसबहीण आता जिन्याखाली बसली होती.

"या," टेलर म्हणाला. "मागची बाजू नीट करून देतो."

दुकानात ती आरशासमोर उभी राहिली. कान नुसते तापले होते. तो गुडघ्यांवर बसून पँटच्या कडेला टाचण्या लावू लागला.

"उंच टाचांत तुमची कंबर पुढे कलायची, मागचं कापड वर ओढलं जायचं. आता तुम्ही सरळ उभ्या राहता, म्हणून मागची बाजू खाली आली. माणूस उभं केल्याशिवाय हे कळत नाही."

"तुम्हाला... सगळं माहीत होतं?"

"मॅडम, तुमच्या पायाचं माप तीन वर्षं माझ्या वहीत आहे. टाच किती आणि तुम्ही किती, हे पहिल्याच दिवशी कळलं."

तिला रडूच फुटलं. ज्याच्यासमोर छान दिसायचं, त्याच्याचसमोर तीन वर्षं आपलं हसं होत होतं! "मग बोलला का नाहीत? मनातल्या मनात हसत बसलात?"

"हसलो नाही हो." त्याने टाचण्या खाली ठेवल्या. "उलट माझीच मला लाज वाटतेय. कळत असून चुकीचं काम केलं, आणि आज तुम्ही पडलात. विचारलं आणि तुम्ही यायच्याच बंद झालात तर... म्हणून गप्प बसलो. आणि खरं सांगायचंच तर — पँटला ट्रायल एकच पुरते."

"मग दुसरी?"

"दुसरी..." आता त्याचे कान लाल झाले. "माझ्यासाठी असायची."

ती डोळे पुसायचं विसरली. "अहो! त्या टाचांवर मी दोन मजले उतरून यायचे! दर वेळी! कंबर कशाने गेली ते आता कळलं."

"चुकलं माझं." हे तो इतक्या पडेल आवाजात म्हणाला की तिला रडता रडता हसू आलं.

"आता... कशी दिसतेय?" तिला हे सहज विचारायचं होतं, पण आवाज कापलाच.

"आधी तुम्ही अशा उभ्या राहायचात, जसं कुणी फोटो काढतंय. खांदे वर, श्वास कोंडलेला. आता तुम्ही खरंच इथे आहात, असं वाटतं."

तो उठून समोर उभा राहिला. टाचा होत्या तेव्हा त्याचे डोळे तिच्या डोळ्यांसमोरच यायचे. सहज नजर गेली, असं भासवता यायचं. आता बघायचं तर मुद्दाम मान वर करावी लागणार होती, आणि मग काहीच लपणार नव्हतं. लाज अजून तश्शीच होती.

तिने मान वर केली.